स्लॅब एक, नोंदी दहा

वाकडमध्ये भूमकर चौकापासून कस्पटे वस्तीपर्यंत कुठल्याही साइटवर एक स्लॅब भरला गेला की त्याची नोंद किमान दहा ठिकाणी होते. गेटवरचा वॉचमन ट्रान्झिट मिक्सरचा नंबर आणि वेळ रजिस्टरात लिहितो. स्टोअरकीपर आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, चलनं फाइलला लावतो. क्वालिटीचा इंजिनिअर स्लम्प आणि क्यूबचे नंबर पोअर कार्डावर टिपतो. साइट इंजिनिअर व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकतो आणि रात्री उशिरा डीपीआरच्या, म्हणजे रोजच्या प्रगती अहवालाच्या, एक्सेलमध्ये एक ओळ वाढवतो. बिलिंगवाला सेंट्रिंगच्या ठेकेदाराचं मेजरमेंट काढतो, प्लॅनिंगवाला एमएस प्रोजेक्टमध्ये टक्के बदलतो, अकाउंट्समध्ये आरएमसीचं बिल टॅलीत चढतं, सेल्सच्या सीआरएममध्ये हप्त्याचा टप्पा पूर्ण दाखवला जातो आणि तिमाही संपली की कन्सल्टंट तेच काम महारेराच्या फॉर्मात भरतो.

या दहा नोंदींमधलं काँक्रीट मात्र सहसा जुळत नाही. समजा ड्रॉइंगवरून हिशेब येतो ५७.४ घनमीटर. चलनं आहेत दहा गाड्यांची, प्रत्येकी ६ घनमीटर, म्हणजे ६०. फरक २.६ घनमीटरचा, साडेचार टक्क्यांचा. एवढी घट चालते की नाही, हा वाद घालण्यासारखा आहे. पण तो घालायला दोन्ही आकडे एका पानावर यावे लागतात. ड्रॉइंगचा आकडा बिलिंगवाल्याच्या लॅपटॉपवर असतो, चलनांचा स्टोअरच्या फाइलीत. प्रकल्प संपून बॅलन्सशीट काढताना काँक्रीटचा खर्च अंदाजापेक्षा बराच वर गेल्याचं कळतं, तोवर सेंट्रिंगवाला दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

हे घडतं त्यात कुणाचा आळस नसतो. अकाउंट्सला टॅली सोयीची, म्हणून तिथे टॅली आली. आर्किटेक्टला ऑटोकॅड, प्लॅनिंगला एमएस प्रोजेक्ट किंवा प्रायमावेरा, सेल्सला सीआरएम. साइटवर कुणी काही दिलं नाही, म्हणून तिथे व्हॉट्सॲप. ज्याने त्याने आपल्या कामापुरतं हत्यार निवडलं आणि ते त्या कामाला चांगलंच आहे. एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याच्या दारात पोचते तेव्हा ती हाताने उतरवून घ्यावी लागते, खरी अडचण तिथे आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २००४ मध्ये याच दुखण्याचा हिशेब मांडला होता. बांधकामातल्या प्रणाली एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून त्या देशात वर्षाला १५.८ अब्ज डॉलर वाया जातात, असा त्यांचा अंदाज होता. त्यातला सुमारे दोन तृतीयांश बोजा इमारतीचे मालक आणि ती चालवणारे यांच्या डोक्यावर पडत होता. म्हणजे बांधताना केलेला पसारा पुढे राहणाऱ्याला निस्तरावा लागतो.

अशा वेळी बिल्डरच्या ऑफिसात ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांना जोडणारं सॉफ्टवेअर, विकणारा येतो, डेमो दाखवतो, रंगीत डॅशबोर्डवर सगळे आकडे एकत्र नाचतात. सही होते. वर्षभराने साइटवर एक्सेल चालूच असतं आणि ईआरपीत महिनाअखेरीला एक मुलगा बसून मागच्या तारखांच्या नोंदी भरत असतो. आधीच्या दहा नोंदींत अकरावीची भर, एवढंच. सॉफ्टवेअर वाईट नव्हतं. ते आणायच्या आधी करायचं काम कुणी केलं नव्हतं.

ते काम म्हणजे नावं ठरवणं.

वाकडपासून तासाभराच्या अंतरावर चाकणमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणारा छोटासा कारखानदारही पार्ट नंबर नसलेला डबा गेटबाहेर काढत नाही, कारण पुढची कंपनी तो आतच घेणार नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ही शिस्त इतकी मुरली आहे की तिच्याविषयी कुणी वेगळं बोलतही नाही. याच पट्ट्यातल्या बांधकामावर मात्र ‘आठ एमएम एक गाडी’ एवढ्या वर्णनावर लाखोंचा माल उतरतो. इंडेंटमध्ये ‘८ एमएम टीएमटी’, पीओमध्ये ‘स्टील ८’, टॅलीत ‘टीएमटी बार’ आणि ठेकेदाराच्या बिलात ‘सळई’. माणसाला हे चारही एकच आहेत हे कळतं. संगणकाला त्या चार वेगळ्या वस्तू दिसतात.

मजल्यांचं प्रकरण याहून गमतीचं आहे. वाकड-ताथवडे-पुनावळेच्या नव्या टॉवरांमध्ये खाली दोन-तीन मजले पार्किंगचे किंवा पोडियमचे असतात. साइटवर स्लॅब खालून मोजले जातात. सेल्सवाले पहिल्या राहत्या मजल्यापासून मोजतात. त्यामुळे साइट इंजिनिअरने ‘आठवा स्लॅब झाला’ असं ग्रुपवर टाकलं की सेल्सच्या हिशेबात तो पाचवा असू शकतो. मंजूर नकाशात जिला ‘बिल्डिंग ३’ म्हटलंय, ती ब्रोशरमध्ये ‘टॉवर बी’ असते आणि साइटवर तिचं नाव ‘रोडसाइडची’. डिमांड लेटर चुकीच्या टप्प्याचं जातं, ग्राहक साइटवर येऊन मजले मोजतो आणि मग ऑफिसात आवाज चढतात. यातलं काहीही कुठल्या सॉफ्टवेअरने आपोआप सुटत नाही.

म्हणून सुरुवात एका कोऱ्या तक्त्याने करावी. डाव्या रकान्यात प्रकल्पातल्या प्रत्येक जागेचा कायमचा कोड: प्रकल्प, इमारत, तल, आणि गरज असेल तिथे फ्लॅट किंवा घटक. तल नेहमी सगळ्यात खालच्या स्लॅबपासून वर मोजावा, मग त्याला कुणी काहीही म्हणो. त्याच ओळीत पुढे मंजूर नकाशातलं नाव, ब्रोशरमधलं नाव, करारनाम्यातला फ्लॅट क्रमांक आणि साइटवरचं बोलीतलं नाव. कुणाचंही नाव बदलायला सांगायचं नाही, सेल्सने खुशाल ‘टॉवर बी’ म्हणावं. फक्त प्रत्येक नावापुढे तोच कोड असला पाहिजे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने शहरातल्या मिळकतींना युपिक आयडी द्यायला घेतले, त्यामागचा विचार हाच आहे. मिळकतकर, पाणी आणि बाकीच्या खात्यांत एकच मिळकत वेगवेगळ्या नावांनी असते, तिला एका क्रमांकावर आणायचं. शहरभरच्या लाखो मिळकतींसाठी महापालिका जे करू पाहते, ते एका बिल्डरला तीन-चार इमारतींसाठी जमायला हरकत नाही.

दुसरा तक्ता मालाचा. इथे हुरूप आवरावा लागतो. पहिल्याच महिन्यात खिळ्यांपासून झाडूपर्यंत हजारो वस्तूंना कोड देत बसलेली ऑफिसं थकतात आणि उपक्रम तिथेच संपतो. सिमेंट, स्टील, आरएमसी, ब्लॉक, क्रश सँड, टाइल्स, प्लंबिंगचे पाइप, वायर, खिडक्या, दरवाजे यांत खर्चाचा मोठा वाटा जातो. एवढ्यांना आधी कोड द्यावेत, बाकीचं ‘किरकोळ’ या एका नावाखाली सहा महिने पडू द्यावं. आणि कोडबरोबर एकक ठरवावं, कारण खरी भांडणं एककांवर होतात. क्रश सँड कुणी ब्रासने देतो, कुणी टनाने. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अंदाजे २.८३ घनमीटर. त्याचे टन किती हे वाळू ओली की कोरडी यावर बदलतं. खरेदी टनात, वापर ब्रासमध्ये आणि अंदाजपत्रक घनमीटरमध्ये असेल तर महिन्याचा ताळा कधीच लागणार नाही.

स्टीलचं उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. सळईचं वजन काढायचं सूत्र साइटवरच्या प्रत्येकाला पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो प्रति मीटर. १० मिलिमीटरच्या सळईला ०.६१७ किलो, १२ मीटरच्या अख्ख्या सळईला ७.४ किलो. हजार सळयांचे ७,४०७ किलो. पण गिरणीतून येणारी सळई नेमकी याच वजनाची नसते. आयएस १७८६ या मानकात १० मिलिमीटरपर्यंतच्या सळईला ७ टक्के कमी-जास्त चालतं. समजा माल ३ टक्के हलका आला. काट्यावर हजार सळया भरल्या ७,१८५ किलो, पैसे तेवढ्याचेच गेले, टॅलीत आकडा तोच. स्टोअरने ठेकेदाराला सळया नगावर दिल्या, हजार. ठेकेदाराचं बिल बीबीएसवरून (सळया कापण्या-वाकवण्याच्या तक्त्यावरून), म्हणजे सूत्राच्या वजनाने निघालं, ७,४०७ किलो. आता पुस्तकात आलेल्या मालापेक्षा वापर २२२ किलो जास्त दिसतो. शून्यातून स्टील निर्माण झालं! प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की २२२ किलोचे तुकडे भंगारात गेले किंवा रात्रीच्या टेम्पोत गेले, तरी हिशेबात तूट दिसणारच नाही.

उपाय साधा आहे. काटा पावती आली की त्याच गाडीच्या सळयांचे नग मोजावेत, आणि त्या लॉटचं प्रत्यक्ष प्रति मीटर वजन एका वेगळ्या रकान्यात कायम नोंदवावं. पुढे बीबीएस, स्टोअर आणि टॅली यांचे आकडे त्या एका रकान्यामुळे एकमेकांत बदलून घेता येतात. यासाठी पैसे खर्च करावे लागत नाहीत. स्टोअरकीपरला पाच मिनिटं जास्त द्यावी लागतात, आणि ती त्याने का द्यायची हे त्याला नीट समजावून सांगावं लागतं.

पुरवठादारांचा तक्ता त्या मानाने सोपा, कारण कोड सरकारनेच दिलेला आहे. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. नोंदणी नसलेल्याचा नुसता पॅन घ्यावा. साइटवर त्याला कुणी ‘वाळूवाले मामा’ म्हणोत, तक्त्यात तो क्रमांकाने ओळखला जाईल.

या तक्त्याची किंमत कर भरताना कळते. १ एप्रिल २०१९ पासून निवासी प्रकल्पांना इनपुट क्रेडिट न घेता १ किंवा ५ टक्के जीएसटी लागतो. त्याची एक अट आहे. वीज, डिझेल, एफएसआय अशा काही गोष्टी वगळता किमान ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून झाली पाहिजे, आणि हे प्रत्येक प्रकल्पासाठी, प्रत्येक आर्थिक वर्षासाठी स्वतंत्रपणे मोजायचं. टक्का कमी पडला तर तुटीवर बिल्डरने स्वतः १८ टक्के भरायचे. सिमेंटला तर ८० टक्क्यांचीही सवलत नाही, नोंदणी नसलेल्या दुकानातून घेतलेल्या प्रत्येक गोणीवर कर येतो. आता ज्या ऑफिसात दोन साइटची खरेदी टॅलीत एकाच खात्यात पडते, तिथे मार्च उलटल्यावर हे गणित कसं सोडवणार? आणि मार्चनंतर सोडवून उपयोग काय? टक्का ७६ वर आलाय हे डिसेंबरात दिसलं, तर उरलेल्या महिन्यांत खरेदी वळवता येते.

दुसरी तरतूद आयकराची, कलम ४३बी(एच). सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकते झाले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मान्य होतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हे लागू झालं. यात दिवस मोजले जातात माल किंवा काम स्वीकारल्यापासून. बिल टॅलीत केव्हा चढलं याला तिथे महत्त्व नाही. फॅब्रिकेटरच्या खिडक्या साइटवर ज्या दिवशी उतरल्या ती तारीख स्टोअरच्या रजिस्टरात आहे, बिल साइट इंजिनिअरच्या बॅगेत तीन आठवडे फिरलं आणि अकाउंटंटने ते हातात पडलं त्या दिवसापासून ४५ मोजायला घेतले. चूक त्याची म्हणता येणार नाही, त्याला स्टोअरची तारीख दिसतच नव्हती. जीआरएनची, म्हणजे माल स्वीकारल्याच्या नोंदीची, तारीख टॅलीच्या नोंदीत सक्तीने यावी, एवढी एकच जोडणी इथे पुरते.

नावं ठरली की प्रश्न येतो धन्याचा. प्रत्येक माहितीचा मालक एकच असावा, आणि ती जिथे जन्मते तिथेच एकदा लिहिली जावी. काँक्रीटचं चलन स्टोअरचं, क्यूबचा निकाल क्वालिटीचा, टप्पा पूर्ण झाल्याचा शेरा प्रोजेक्ट मॅनेजरचा, पैसे आल्याची नोंद अकाउंट्सची. बाकीच्यांनी ती वाचावी, वापरावी, पण पुन्हा टाइप करू नये. सगळ्या खात्यांच्या बैठकीत हे ठरवायला बसलं की पहिला तासभर सगळे मान डोलावतात. मग ‘स्लॅब पूर्ण’ म्हणजे नक्की काय, यावर गाडी अडते. बिलिंगच्या मते शटरिंग उतरल्यावर, सेल्सच्या मते काँक्रीट पडल्यावर, क्वालिटीच्या मते २८ दिवसांचा क्यूब पास झाल्यावर. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. तेव्हा एका शब्दाच्या जागी तीन तारखा ठेवाव्यात आणि कुठल्या कामाला कुठली लागते ते लिहून टाकावं.

क्यूबची नोंद इथे खास सांभाळायला हवी. आयएस ४५६ प्रमाणे ६० घनमीटरच्या स्लॅबला किमान ५ नमुने घ्यावे लागतात, प्रत्येक नमुन्याचे ३ क्यूब. त्यांचा निकाल यायला २८ दिवस जातात, तोवर वर आणखी दोन स्लॅब चढलेले असू शकतात. एखादा क्यूब कमी भरला तर तो नेमका कुठल्या गाडीचा आणि ती गाडी स्लॅबच्या कुठल्या भागात ओतली, हे कळलं पाहिजे. म्हणजे क्यूब रजिस्टरात चलनाचा क्रमांक हवा आणि पोअर कार्डावर ग्रिडची खूण हवी. क्यूब रजिस्टरात नुसता ‘टॉवर बी, स्लॅब’ एवढाच उल्लेख असेल, तर शंका अख्ख्या स्लॅबवर घ्यावी लागते.

सगळ्यात आधी कुठली जोडणी करावी, असं विचारलं तर उत्तर स्लॅब आणि डिमांड लेटर हेच द्यावं लागेल, कारण तिथे पैसे लगेच दिसतात आणि मालकाचा उत्साह टिकतो. महाराष्ट्रातल्या आदर्श करारनाम्यात हप्त्यांची मर्यादा कामाच्या टप्प्यांना बांधलेली आहे: करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७०. गणित करून पाहावं. एका इमारतीत ६० फ्लॅट विकलेले, सरासरी किंमत ७५ लाख, एका टप्प्याचा हप्ता २ टक्के. म्हणजे एका टप्प्यामागे ९० लाखांची मागणी. साइटवरची बातमी सीआरएममध्ये पोचायला आणि आर्किटेक्टचं पत्र मिळायला दहा दिवस लागले, आणि बांधकामकर्जाचा दर १२ टक्के धरला, तर त्या दहा दिवसांचं व्याज सुमारे ३० हजार होतं. स्लॅबचे बारा टप्पे धरले तर एका इमारतीमागे साडेतीन लाख निव्वळ निरोपाच्या उशिरापोटी. प्रोजेक्ट मॅनेजरने मोबाइलवरच्या साध्या फॉर्ममध्ये कोड, तारीख आणि फोटो टाकला की आर्किटेक्ट आणि सीआरएमवाला दोघांनाही एकाच वेळी कळेल, एवढी सोय करायला महागडी यंत्रणा लागत नाही.

महारेरामुळे ही जोडणी आता ऐच्छिकही राहिलेली नाही. रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक केलं, आणि तो काढायचा तर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांची प्रमाणपत्रं लागतात, फॉर्म १, २ आणि ३. आर्किटेक्टचा फॉर्म साइटवरून निघतो, इंजिनिअरचा बिलिंगवरून, सीएचा टॅलीवरून. तीन माणसं, तीन प्रणाली, आणि आकडे एकमेकांशी सुसंगत असावेत ही अपेक्षा. १ जुलै २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती ठेवावी लागतात, त्यामुळे पैशाची वाट आणखी स्पष्ट झाली. तिमाही अहवाल न भरल्याबद्दल सप्टेंबर २०२३ मध्ये महारेराने ३८८ प्रकल्पांची नोंदणी स्थगित केली, तेव्हा त्या प्रकल्पांना जाहिरात आणि विक्री करायला बंदी झाली, बँक खाती गोठली. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. म्हणजे वाकडच्या होर्डिंगखाली सिग्नलला थांबलेला माणूस मोबाइल धरून तुमचा मागच्या तिमाहीचा आकडा वाचू शकतो.

मोठ्या प्रमाणावर हे काम कुणी केलं, याचं उदाहरण शोधायला परदेशात जायला नको. नागपूर मेट्रोने, म्हणजे पुढे २०१७ मध्ये जी महामेट्रो झाली तिने, बांधकाम सुरू असतानाच ‘फाइव्ह-डी बिम’ अंगीकारलं, म्हणजे त्रिमितीय मॉडेलला वेळ आणि खर्च जोडण्याची पद्धत. त्रिमितीय मॉडेल आणि ड्रॉइंग बेंटलीच्या प्रणालीत, वेळापत्रक प्रायमावेरात, खरेदी आणि हिशेब सॅपमध्ये, आणि या सगळ्यांना जोडणारं आरआयबीचं आयट्वू. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की महामेट्रोने एकच अवाढव्य सॉफ्टवेअर घेऊन बाकीची फेकून दिली नाहीत. प्रत्येक कामाला त्याचं खास साधन राहू दिलं आणि मॉडेलमधला घटक, वेळापत्रकातलं काम आणि खर्चाची ओळ यांना सामाईक खुणेने बांधलं. पिंपरी-चिंचवडकरांनी ६ मार्च २०२२ ला ज्या पीसीएमसी ते फुगेवाडी मार्गावर पहिला प्रवास केला, तो याच महामेट्रोचा.

वाकडच्या बिल्डरला फाइव्ह-डी बिम लागेलच असं नाही, आणि कुणी ते गळ्यात मारायला आलं तर दोन प्रश्न जास्तच विचारावेत. पण ड्रॉइंगची शिस्त मात्र तिथून उचलण्यासारखी आहे. आयएसओ १९६५० या मानकात प्रत्येक कागदाची अवस्था ठरवलेली असते: चालू काम, एकमेकांना दाखवायला दिलेलं, वापरासाठी मंजूर, आणि जुनं झालेलं. साइटवर फक्त मंजूर अवस्थेतलंच ड्रॉइंग जावं. सुधारित आर२ ड्रॉइंग आल्यावर जुन्या आर१ची प्रिंट सेंट्रिंगवाल्याच्या पिशवीत राहिली की बीम चुकतो, आणि मग दोन दिवस ब्रेकर चालतो. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगची पीडीएफ पाठवणं बंद करावं. पाठवायचीच तर सामाईक फोल्डरची लिंक पाठवावी, म्हणजे उघडणाऱ्याला नेहमी ताजीच प्रत मिळेल.

साधनांची निवड कंपनीच्या आकारावर सोडावी. एक-दोन साइट असतील तर कोडच्या याद्या कुलूपबंद केलेली एक्सेल, पॉवर क्वेरी आणि टॅलीतून काढलेली माहिती एवढ्यावर बरीच वर्षं निभतं. तीन-चार साइट चालू झाल्या, स्टोअर दोन ठिकाणी झालं, ठेकेदारांची आरए (चालू कामाची) बिलं पन्नाशी ओलांडायला लागली, की खरेदी, स्टोअर आणि बिलिंग यांच्यापुरती ईआरपी घ्यायची वेळ येते. पुण्यातच या क्षेत्रातल्या जाणत्या कंपन्या आहेत. नकाशे तपासायच्या ऑटोडीसीआरमुळे आर्किटेक्टांना माहीत असलेली सॉफ्टटेक इंजिनिअर्स ‘ऑप्टिकॉन’ ही बांधकामाची ईआरपीही बनवते, आणि घरविक्रीसाठीची ‘सेल डॉट डू’ ही सीआरएम पुण्याच्याच अमुराची. टॅली काढून टाकायची घाई मात्र करू नये. अकाउंटंट आणि सीए दोघांचा हात तिच्यावर बसलेला असतो, आणि एक्सएमएलमधून तिच्यात नोंदी आत-बाहेर करता येतात.

कुठलंही सॉफ्टवेअर घेताना किमतीपेक्षा करारातली बाहेर पडण्याची अट आधी वाचावी. आपली सगळी माहिती, जोडलेल्या फोटो-बिलांसकट, एक्सेल किंवा सीएसव्हीत कधीही काढून घेता येईल का? एपीआय मिळेल का, आणि त्याचे वेगळे पैसे किती? वर्गणी बंद केल्यावर माहिती किती दिवस ठेवतील? डेमोच्या वेळी विक्रेत्याची नमुना साइट पाहू नये, त्याच्यासमोर आपल्याच मागच्या महिन्यातली एका स्लॅबची चलनं, मस्टर आणि बिलं ठेवावीत आणि म्हणावं, हे भरून दाखवा. पाऊण तासात खरं काय ते बाहेर येतं.

माणसांचा विषय शेवटी आला म्हणून कमी महत्त्वाचा नाही. स्टोअरकीपर आणि सुपरवायझर यांना नवी पद्धत म्हणजे आपल्यावर पाळत, असं वाटतं, आणि ते पूर्ण चुकीचंही नसतं. त्यांच्या बाजूने काही सुटलं तरच ते साथ देतात. मोबाइलवर चलन भरल्यावर रजिस्टर लिहायचं काम खरोखर बंद झालं पाहिजे. दोन्ही चालू ठेवलं की मोबाइल हरतो. फॉर्म मराठीत आणि हिंदीत असावेत, कारण गेटवरचा माणूस बीडचा असेल आणि सेंट्रिंगचा मुकादम बिहारचा. कोडच्या याद्या उभ्या करायला बाहेरचं डोकं हवं असेल तर शेजारी बालेवाडीत निकमार विद्यापीठ आहे. बांधकाम व्यवस्थापन शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला इंटर्नशिपमध्ये हे काम दिलं तर दोघांचाही फायदा होतो.

जुन्या माहितीचं काय करायचं? बहुतेक वेळा काहीच नाही. संपत आलेल्या इमारतीचा पाच वर्षांचा पसारा नव्या कोडमध्ये बसवायला घेतला तर त्यातच दम निघतो. नव्या इमारतीपासून सुरुवात करावी, चालू इमारतीची फक्त आजची शिल्लक उचलावी आणि बाकीच्या फाइली वाचण्यापुरत्या तशाच ठेवाव्यात. ग्राहकांच्या आधार आणि पॅनच्या प्रतींची मात्र झाडाझडती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर त्या सेल्सच्या दहा मोबाइलमध्ये पडून राहणं परवडणारं नाही. सगळी माहिती एकत्र आली म्हणून ती सगळ्यांना दिसावी असंही नाही. साइट इंजिनिअरला फ्लॅटची किंमत कशाला हवी?

आणि ताबा दिल्यावर हे थांबत नाही. रेराप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तिसऱ्या वर्षी अकराशे चारच्या बाथरूमखाली ओल आली, तर तिथलं वॉटरप्रूफिंग कुणी केलं, पाँडिंग टेस्ट कधी झाली, त्या ठेकेदाराची राखून ठेवलेली रक्कम सुटली की शिल्लक आहे, हे फ्लॅटच्या कोडवर एका फटक्यात निघायला हवं. सोसायटीला कागदपत्रं आणि नकाशे सोपवायची जबाबदारीही कायद्याने बिल्डरचीच आहे. त्या वेळी पंप, लिफ्ट, एसटीपी, अग्निशमन यांची वॉरंटी-पत्रं आणि प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणेची ड्रॉइंग त्याच कोडच्या फोल्डरांत लावून द्यावीत, आणि सोबत कोडचा तो पहिला तक्ताही द्यावा. सोसायटीच्या सेक्रेटरीला पाइपलाइन शोधताना तो लागणार आहे.